भरवशाचा चेहरा

बायकोचा आपल्यावर भरवसा किती, हा प्रश्न शहाणा नवरा विचारत नाही. श्रेणिक मगदूमनंही लग्नाच्या दहा वर्षांत तो कधी विचारला नव्हता. पण एका मंगळवारी सकाळी, हुपरीच्या चांदीच्या पैंजणांची जाहिरात तपासताना, उत्तर आपणहून त्याच्या पुढ्यात येऊन बसलं. दोन टक्के.

त्यानं चष्मा पुसून परत वाचलं. दोनच होते.

श्रेणिकची जाहिरात एजन्सी जयसिंगपुरात होती, दोन खोल्यांची. तो धंद्याला लागला तेव्हा काम सरळ होतं. दुकानाचं नाव शोधात वरच्या दहात आणायचं, कुणाकडून तरी ब्लॉग लिहून घ्यायचे, सोशल मीडियावर जाहिराती सोडायच्या. पुढं लोकांनी शोधायचंच सोडलं. ते फोनला विचारू लागले, आणि फोन दहा नावं न सांगता एकच सांगू लागला. त्या एका जागेसाठी मोठ्या कंपन्या भांडत होत्या. हुपरीच्या पैंजणवाल्याला तिथं कोण उभं करणार? मग छोट्यांचा सगळा जोर एकाच गोष्टीवर आला. जाहिरातीतला चेहरा.

त्याचं शास्त्र फार अवघड नाही. एखाद्या परक्या चेहऱ्यात तुमच्या जवळच्या माणसाच्या चेहऱ्याचा थोडा अंश मिसळला, तर तुम्हाला ते ओळखू येत नाही, पण तो परका माणूस उगाचच बरा वाटतो. नवं होतं ते मोजमाप. फोनचा पुढचा कॅमेरा आता डोळ्याची बाहुली किती रुंदावते, नजर कुठं रेंगाळते, अंगठा कशापाशी थबकतो, हे सगळं टिपत होता. फोटो बघताना, व्हिडिओ कॉलवर बोलताना माणूस कुणापुढं सैलावतो आणि कुणापुढं आखडतो, हे यंत्राला माणसाआधी कळत होतं. त्या चेहऱ्यांच्या मिश्रणातून यंत्र प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा विक्रेता घडवायचं. धंद्यातली माणसं त्याला मुखडा म्हणत. कायद्याची अट अशी की मुखड्यावरून मूळ माणूस ओळखू येता कामा नये, आणि मुखडा कशापासून घडला याची घडण एजन्सीला बघता यायला हवी, म्हणजे कुणाची तक्रार आली तर उत्तर देता येईल. घडणीत नावं नसत, नुसते आकडे असत, आणि फोनात नातं नोंदलेलं असेल तर तेवढं नातं. नावं दिसत ती एजन्सीत ज्यांनी आपला चेहरा नोंदवला आहे त्यांचीच.

आणि या धंद्याची एक जुनी रीत होती. कुठलीही जाहिरात बाहेर सोडण्याआधी घरच्या माणसांना दाखवायची, स्वयंपाकी आमटी चाखून बघतो तशी. दोन वर्षांपूर्वी भेंडी चिरता चिरता त्रिशलानं फोनवर अंगठा उठवून त्याला परवानगी दिली होती. तिला वाटलं, बँकेचं काहीतरी असेल.

तर त्रिशलाच्या मुखड्याची घडण अशी होती. आई एकवीस टक्के. मावशी सोळा. एक मैत्रीण पंधरा. श्रेणिक मगदूम दोन. आणि स्रोत क्रमांक ४१७, पुरुष, वय अंदाजे तीस, सेहेचाळीस टक्के.

श्रेणिकनं मुखडा उघडून पाहिला. पडद्यावर एक सडपातळ, शांत माणूस हातात पैंजण धरून उभा होता. हसताना त्याचं तोंड एका बाजूला जरा जास्त वळत होतं. कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता. सगळे मुखडे तसेच वाटतात, हे श्रेणिक गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगायचा. स्वतःला मात्र त्याला ते सांगता येईना. त्याच्या मनात जे उकळू लागलं त्याला मत्सराखेरीज दुसरं नाव नव्हतं.

त्या दिवशी तो आठ वाजता घरी गेला.

"आज लौकर आलाय," त्रिशला म्हणाली. ती वह्या तपासत होती. मुलींच्या हायस्कूलमध्ये ती गणित शिकवायची.

"तू जेवलीस?"

"जेवलो की मघाशीच. दिवस बुडाल्यावर कुठलं जेवण. तुमचं झाकून ठेवलंय." शाळेत ती 'जेवले' म्हणायची आणि उंबरा ओलांडला की इकडच्या सगळ्या बायकांसारखी 'जेवलो' वर यायची.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही दोघांच्याही जैन घरांतली रीत. लग्नानंतरची पहिली काही वर्षं श्रेणिक साडेपाचला स्कूटर दारात लावायचा आणि दोघं एका ताटात जेवायचे. मग गिऱ्हाइकं वाढली. पुण्या-मुंबईच्या लोकांना सहा वाजताच बोलायला फुरसत मिळते, त्यांना काय सांगणार, मी जेवायला चाललोय म्हणून? एकेक करत सगळ्या संध्याकाळी गेल्या. त्रिशला आधी थांबायची, मग उपाशी झोपायची, मग एकटी जेवू लागली. यावरून भांडण असं कधी झालं नाही, आणि भांडण नाही म्हणजे सगळं ठीक आहे असा श्रेणिकचा समज होता.

"शाळेत कोण नवीन आलंय काय?" त्यानं भाकरी मोडत विचारलं.

"आलेत की. अभिनंदन उपाध्ये सर. सायन्सला."

"कसे आहेत?"

"चांगले आहेत. पोरींना कळंल असं शिकवतात." आणि ती हसली.

बायको दुसऱ्या माणसाचं नाव घेऊन हसली तर ती विनोद आठवून हसली असेल, अशी शक्यता असते. पण ज्याच्या खिशात दोन टक्के आहेत त्याला शक्यता दिसत नाहीत. श्रेणिकला भाकरी गोड लागली नाही.

चौथ्या दिवशी तो शाळेत हजर झाला. शाळेच्या प्रवेशांची जाहिरात आपण फुकट करून देऊ, असं त्यानं मुख्याध्यापकांना सांगितलं. फुकट म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. मग जाहिरातीत शिक्षक दाखवायला हवेत म्हणून श्रेणिक प्रयोगशाळेत शिरला. अभिनंदन सर तिशीचे होते, सडपातळ होते, आणि नाक थेट मुखड्याचं होतं. निदान श्रेणिकला तसं दिसलं. त्याला त्या क्षणी कुणाचंही नाक तसं दिसलं असतं.

"मगदूम मॅडमचे मिस्टर न्हवं तुम्ही?" सर हात पुसत पुढं आले. "मॅडम सांगतात की तुमच्याबद्दल."

"काय सांगतात?"

"की तुम्ही फार कामात असताय."

हे वाक्य श्रेणिकनं घरापर्यंत दातांखाली ठेवलं. त्यात सरांचा काही दोष नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

दुसरा नवरा असता तर बायकोला समोर बसवून विचारलं असतं, नाहीतर आदळआपट केली असती. श्रेणिक जाहिरातवाला होता. स्पर्धकाचा माल जास्त खपतोय असं कळलं की जाहिरातवाला गिऱ्हाइकाशी भांडत नाही, मोहीम आखतो. त्यानं एक मोहीम आखली. गिऱ्हाईक एक. मुदत तीन महिने.

चाखणीच्या यादीतल्या माणसांसाठी मुखड्यातला कुठला अंश कुठल्या जाहिरातीत जावा, हे एजन्सीला ठरवता येत असे. तो अधिकार प्रयोगासाठी होता. श्रेणिकनं स्रोत ४१७ उंदराच्या औषधात घातला. तुंबलेल्या गटाराच्या पावडरीत घातला, दाढदुखीच्या दवाखान्यात घातला, थकलेल्या हप्त्याची आठवण करणाऱ्या सूचनेत घातला. त्रिशला फोन उघडे, नाक मुरडे आणि अंगठ्यानं ते पुढं ढकले. दर ढकलण्यासरशी तो चेहरा तिच्या मनात तसूभर खाली उतरत होता, का ते तिला न कळता. आणि आपला स्वतःचा चेहरा, ऑफिसात चांगल्या उजेडात नव्यानं टिपून, त्यानं मोगऱ्याच्या रोपांत घातला, इरकलच्या साड्यांत घातला, श्रवणबेळगोळच्या सहलीत घातला. इतका बेताचा, की तिला ओळख पटू नये.

पहिल्या महिन्यात ४१७ सेहेचाळीसवरून एकोणतीसवर आला. श्रेणिक दोनाचा नऊ झाला. आकडा वाचून तो ऑफिसात एकटाच हसला, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

मोहिमेचा परिणाम गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाचावा, हा त्याचा जुना नियम. म्हणून तो साडेपाचला घरी येऊ लागला. पहिल्या दिवशी त्रिशलानं विचारलं, "बरं न्हाई काय?" दुसऱ्या दिवशी तिनं दुसरं ताट मांडलं. आठवडाभरात ती आमटी गरम करायच्या आधी खिडकीतून रस्त्याकडं बघू लागली. एके दिवशी जेवता जेवता तिनं शाळेतला एक किस्सा सांगितला, नववीतल्या पोरीनं शून्याला शून्यानं भागून उत्तर 'दया करा' असं लिहिलं होतं, आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसले. किती वर्षांनी, ते दोघांनाही आठवेना. श्रेणिकला ते दिवस इतके गोड लागले की त्याला अधूनमधून भीती वाटे. मग तो ऑफिसात जाऊन ४१७ आणखी दोन गटारांत घाले.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस श्रेणिक एकतीस टक्के होता आणि ४१७ चार.

इथं शहाणा माणूस थांबला असता. पण मत्सराला नुसतं जिंकून भागत नाही, हरला कोण हेही कळायला लागतं. शाळेच्या जाहिरातीसाठी अभिनंदन सरांनी आपला चेहरा रीतसर नोंदवून दिला होता. यंत्रात चेहरा आधीपासून असेल तर जुनाच क्रमांक लागतो; सरांना नवा लागला होता, ९०२. म्हणजे सर नव्हेत. तीन महिने तो त्या बिचाऱ्याला रस्त्यात पाहून तोंड फिरवत आला होता.

मग कोण?

मूळ चेहरा शोधायची एक सोय होती. आपला चेहरा कुठल्या मुखड्यात वापरलाय का, अशी शंका कुणालाही आली तर फोटो देऊन विचारता येई. श्रेणिकनं लग्नाचा अल्बम यंत्राला दिला. त्रिशलाचे चुलतभाऊ, आतेभाऊ, तिच्या कॉलेजातली मुलं, मांडववाला, आचारी, सगळे एकेक करून तपासले. लग्नात वरपक्षाचे फोटो निम्मे होते, ते त्यानं वगळले, कारण आपल्या बाजूच्यांवर कोण संशय घेतो? काही जुळलं नाही. मग त्यानं घरच्या सगळ्या फोटोंची पेटीच ओतली. वीस मिनिटांनी एक फोटो समोर आला. बदामीच्या तळ्याकाठचा, लग्नाच्या वर्षीचा. त्रिशला पाण्यात पाय सोडून बसलेली, आणि शेजारी तिच्या चपला हातात धरून हसणारा एक सडपातळ माणूस. त्याच्या तोंडाभोवती यंत्रानं चौकट काढली होती. स्रोत ४१७.

तो श्रेणिक होता.

त्यानं कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. "तुमच्याकडं चूक झालीय," तो म्हणाला. "माझा चेहरा दोन वेगळ्या माणसांचा धरलाय."

"चूक नाही सर," पलीकडची बाई शांतपणे म्हणाली. "सिस्टीम माणसं मोजत नाही, बघणाऱ्याचा प्रतिसाद मोजते. एकाच माणसाच्या दोन काळांतल्या चेहऱ्यांकडे कुणी सारख्याच नजरेनं बघत असेल तर ते एकत्र राहतात. प्रतिसादात खूप अंतर पडलं की वेगळे होतात. दोन्ही फोटो दिसतायत मला. आता तुम्हाला दाढी आहे, वजन वाढलंय, चष्मा आहे, पण नुसत्या तेवढ्यानं होत नाही. बघणाऱ्याला ते दोघं वेगळे वाटायला लागले की मगच होतं."

"मग मुखड्यात मला मी का ओळखू आलो नाही?"

"माणूस स्वतःला आरशात बघतो सर, म्हणजे उलटा. त्यात वर इतर चेहरे मिसळलेले. बरेच लोक नाही ओळखत."

फोन ठेवल्यावर अर्धं मिनिट श्रेणिकला आनंद झाला. दुसरा कुणी नव्हताच. सेहेचाळीस टक्के तोच होता, आईपेक्षा जास्त, मावशीपेक्षा जास्त. मग त्याची नजर आजच्या आकड्यावर गेली. चार. उंदराचं औषध, गटाराची पावडर, दाढदुखी. हे त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं, रोज सकाळी चहाच्या आधी.

आणि खरं सांगायचं तर मत्सर एवढ्यानं गेला नाही. त्या चपला धरलेल्या पोराचा त्याला हेवाच वाटत होता. त्याच्याकडं ना एजन्सी होती ना मोहीम, आणि तरी त्याला सेहेचाळीस मिळाले होते.

त्या दिवशी तो साडेपाचच्या आधीच घरी पोचला. दोन वाटा त्याच्यापुढं होत्या. गप्प राहायचं आणि एकतीस टक्क्यांवर सुखानं संसार करायचा, ही एक. ताट समोर आलं, त्रिशला शेजारी बसली, तिनं भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी जी माया होती ती नक्की कुठून आली, हे त्याला सांगता येईना. मोगऱ्याच्या जाहिरातीतून आली असेल, तर तो परक्याच्या ताटात जेवत होता. त्यानं घास परत ताटात ठेवला. त्यानं सगळं सांगितलं, पैंजणापासून बदामीपर्यंत.

सांगून झाल्यावर त्रिशला उठली, आतल्या खोलीत गेली आणि कपाटातून एक फ्रेम घेऊन आली. फ्रेम तिनं पालथी धरली होती.

"भिंतीवर होता न्हवं ह्यो बदामीचा? महिना झाला काढून ठेवून. तुमच्या ध्यानात पण आलं न्हाई," ती म्हणाली. "मला बघवंना झाला होता."

श्रेणिकनं भिंतीकडं पाहिलं. तिथं नुसता खिळा होता.

"मला वाटलं माझंच काय तर बिघडलंय. सोन्यासारखा नवरा वेळेवर घरला यायला लागलाय, आणि मला त्याचाच जुना फोटो बघून किळस यायलीय. ह्यापायी मी बाहुबलीच्या डोंगरावर जाऊन पाया पडून आलो. एकटीच. कुणाला सांगणार होतो हे?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर श्रेणिकला सोपं गेलं असतं.

"मी एका महिन्यात सगळं पूर्वीसारखं करतो," तो घाईनं म्हणाला. "तोच चेहरा चांगल्या जाहिरातीत घालायचा, बस. परत चाळीसच्या वर नेतो."

"मशीनला हात लावायचा न्हाई." तिनं फ्रेम ताटाशेजारी ठेवली. "मला एक सांगा. हे तुमचं दोनाचं एकतीस झालं, ते कशानं? त्या साड्यांनी, का तुम्ही साडेपाचला यायला लागला म्हणून?"

गणिताच्या बाईंचा प्रश्न होता, आणि रास्त होता. त्याचं उत्तर काढायची रीत श्रेणिकच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असते. निम्म्या लोकांना जाहिरात दाखवायची, निम्म्यांना नाही, बाकी सगळं सारखं ठेवायचं, आणि मग फरक मोजायचा. इतक्या वर्षांत त्यानं एकही मोहीम अशी तुलना ठेवल्याशिवाय चालवली नव्हती. इथं मात्र त्यानं दोन्ही गोष्टी एकदम केल्या होत्या, एकाच बाईवर.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मोजता येणार नाही आता."

"मलाबी कळंना," त्रिशला म्हणाली. "तुम्ही आला की मला बरं वाटतंय. पण ते माझं मला वाटतंय, का तुम्ही घातलंय, हे कसं ओळखू मी? आता मोगरा बघितला तरी इचार येणार." तिनं ताट बाजूला सारलं. "तुम्ही दुसऱ्या कुणावर संशय घेतला, त्याचा राग न्हाई आला मला तेवढा. इचारायचं सोडून हे केलंत, त्याचा आलाय."

त्यानं तिच्यासमोरच फोन काढला आणि तिचं नाव यादीतून पुसलं. पुसलं जाणार होतं ते नाव. तीन महिन्यांत जे तिच्या आत गेलं होतं त्याला पुसायचं बटण कुठल्याच यंत्रात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्रिशलानं बदामीचा फोटो जेवायच्या टेबलावर उभा केला. रोज ताटं मांडून झाली की ती खुर्चीत बसायची, पदरानं काच पुसायची आणि त्या चपला धरलेल्या माणसाकडं नेटानं बघायची, अवघड गणिताकडं बघावं तशी. कधी तोंड वाकडं व्हायचं, कधी ती मान फिरवायची आणि परत बघायची. श्रेणिक हातपाय धुऊन समोर येऊन बसे. आपली बायको आपल्यावर परत माया करायचा प्रयत्न करतेय, हे रोज डोळ्यांनी बघणं त्याला जड जाई. पण त्यानं एकही संध्याकाळ चुकवली नाही. पुण्याचं एक मोठं गिऱ्हाईक त्यात गेलं, ते त्यानं घरी सांगितलं नाही.

विसाव्या का एकविसाव्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"काही वाटतंय का?" त्यानं विचारलं.

त्रिशला फोटोकडं बघतच राहिली. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं, दाढीसकट, चष्म्यासकट, आणि भाकरीची दुरडी त्याच्यापुढं सरकवली.

"अजून न्हाई," ती म्हणाली. "जेवून घ्या. दिवस बुडायला आलाय."